यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपवला. पैसे मोजणाऱ्याला किंवा कंपनीकडे आपले खाते नोंदवणाऱ्याला वर्षभराची मुदतवाढ मिळाली, इतकेच. पुढची आवृत्ती, म्हणजे 'विंडोज ११', चालवायची तर यंत्रात 'टी.पी.एम. २.०' नावाची सुरक्षा-चिप असली पाहिजे आणि प्रोसेसरही साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा असला पाहिजे, अशी अट कंपनीने २०२१ मध्येच घालून ठेवली होती. या अटीपायी जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला. हे संगणक बिघडलेले नाहीत. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, हिशेब बरोबर येतो. विकणाऱ्याने हात काढून घेतला, एवढाच त्यांचा अपराध.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा, वाचनालये, पतसंस्था, विकास सेवा सोसायट्या आणि ग्रामपंचायती यांच्या टेबलांवर असे संगणक आहेत. ते लोकांच्या पैशांतून, वर्गणीतून, ठेवीदारांच्या नफ्यातून आलेले आहेत. त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक संस्थेच्या बैठकीत येणार आहे, आणि त्या बैठकींत आपले कार्यकर्तेही बसलेले असणार आहेत. त्यांनी तेथे काय भूमिका घ्यावी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

आपल्या चळवळीत या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की हा तंत्रज्ञांचा मामला आहे. दुष्काळ, उसाचा दर, कंत्राटी कामगार हे प्रश्न समोर असताना पक्षाने संगणकाच्या पोटातील खटपटींत कशाला पडावे? दुसरे उत्तर उत्साही तरुणांचे. ते म्हणतात, लिनक्स फुकट आहे. ते घाला, म्हणजे प्रश्न मिटला. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्यापेक्षा अधिक नुकसान केले आहे. कारण तरुण मित्र मोठ्या विश्वासाने ती प्रणाली बसवून देतात, आठवड्याने कळते की प्रिंटर चालत नाही, वायफाय लागत नाही, स्कॅनर ओळखला जात नाही. आणि मग संस्थेचा चिटणीस 'फुकटचे ते पौष्टिक नसते' असे म्हणून नव्या यंत्रांची मागणी मंजूर करून घेतो. मुक्त प्रणालीची बदनामी तिच्या शत्रूंपेक्षा अशा अर्धवट मित्रांनी अधिक केलेली आहे.

अडचण कोठे आहे?

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलते. ती भाषा समजून मुख्य प्रणालीला सांगणारा जो छोटा कार्यक्रम, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. विंडोजसाठी तो उपकरणाचा उत्पादक स्वतः लिहून देतो, कारण नाही दिला तर त्याचा माल खपणार नाही. लिनक्ससाठी अनेक उत्पादक तो लिहीत नाहीत. याहून गंभीर गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणाला तो लिहिता यावा म्हणून उपकरणाच्या भाषेचे व्याकरणही ते प्रसिद्ध करीत नाहीत. मग जगभरचे स्वयंसेवक त्या उपकरणाला प्रश्न विचारून, त्याची उत्तरे टिपून, ती भाषा अक्षरशः चाचपडत शिकतात. लिनक्सच्या गाभ्याचा निम्म्याहून अधिक भाग अशा ड्रायव्हरांनी व्यापलेला आहे, यावरून या श्रमांची कल्पना यावी.

उदाहरणे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. कॅननचा 'एलबीपी २९००' हा छोटा लेसर प्रिंटर आपल्याकडील कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसतो. तो 'कॅप्ट' नावाच्या कंपनीच्या खासगी भाषेत बोलतो. त्या भाषेचे व्याकरण जाहीर नाही. म्हणून बाहेरच्या लोकांना ती उलगडत बसावे लागले. एच.पी.चा 'लेसरजेट १०२०' हाही तितकाच परिचित. त्याला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून 'फर्मवेअर' नावाचा एक मजकूर पुरवावा लागतो, त्याशिवाय तो कागदच ओढत नाही. आणि त्या मजकुराची मालकी कंपनीची. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची कथा अशीच. त्यांचे ड्रायव्हर स्वयंसेवकांनी उलट मार्गाने शोधून काढले. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, म्हणजे लोकांची वर्षे खर्ची पडल्यावर.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ही माहिती जाहीर करण्याचा खर्च किती? जवळजवळ शून्य. ती कागदपत्रे कंपनीच्या अभियंत्यांसाठी आधीच लिहिलेली असतात. मग ती दडवली का जातात? स्पर्धकाला आतील रचना कळू नये, पेटंटच्या दाव्यांना वाव राहू नये, तीच चिप किरकोळ बदल करून दोन दरांनी विकता यावी, आणि जुने उपकरण योग्य वेळी निरुपयोगी ठरवून नवे विकता यावे, ही कारणे आहेत. यांपैकी एकही कारण तांत्रिक नाही. सगळी मालकीची आणि बाजाराची कारणे आहेत. म्हणून ज्याला हार्डवेअरच्या पाठिंब्याची अडचण म्हणतात, ती मुळात मालकीहक्काची अडचण आहे. आणि मालकीहक्काचा प्रश्न हा समाजवादी पक्षाचा प्रश्न नसेल, तर मग दुसरा कोणता असेल?

'स्वयंसेवक अपुरे पडतात' हा युक्तिवाद

भांडवली बाजाराचे समर्थक यावर म्हणतात की स्वयंसेवकांच्या श्रमातून दर्जा निर्माण होत नाही. ज्याला नफा नाही त्याला जबाबदारी नाही. हा युक्तिवाद वस्तुस्थितीशी विसंगत आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. बँकांचे आणि दूरसंचाराचे मोठे सर्व्हर मोठ्या प्रमाणावर त्यावरच चालतात. तुमच्या-आमच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. तेथे ड्रायव्हरांची अडचण का येत नाही? कारण तेथील गिऱ्हाईक बलवान आहे. हजारो सर्व्हर एकदम घेणारी कंपनी 'लिनक्सवर चालत नसेल तर माल नको' असे सांगते, आणि उत्पादक मुकाट्याने ड्रायव्हर लिहून देतो.

याचा धडधडीत पुरावा एनव्हिडिया कंपनीने स्वतःच दिला आहे. या कंपनीच्या आडमुठेपणाबद्दल लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका जाहीर सभेत तिला सर्वांदेखत शिवी हासडली होती. त्याने काही बदलले नाही. मे २०२२ मध्ये मात्र कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. आणि त्या पहिल्या प्रकाशनात डेटा सेंटरच्या कार्डांसाठी तो पूर्ण तयार, तर घरगुती संगणकाच्या कार्डांसाठी अपुऱ्या अवस्थेतला असल्याचे सांगितले होते. प्रथम कोणाची सोय पाहिली गेली, ते उघड आहे. शिवीने जे झाले नाही, ते मोठ्या खरेदीदाराच्या गरजेने झाले. म्हणजे कमी पडते आहे ती बुद्धी नव्हे. टेबलावरचा संगणक वापरणारा शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, छोटा दुकानदार विखुरलेला आहे; त्याची संघटित मागणी नाही. असंघटित शेतमजुराला जो दर मिळतो, तीच वागणूक असंघटित गिऱ्हाइकाला मिळते.

अँड्रॉइडच्या उदाहरणातून दुसरेही एक शिकण्यासारखे आहे. त्याचा गाभा मुक्त असूनही फोनचे ड्रायव्हर बहुतेक बंदिस्तच असतात. परिणामी चिप बनवणाऱ्याने पाठिंबा थांबवला की तीन-चार वर्षांत चांगला फोन जुना ठरतो. नावाला मुक्त आणि हार्डवेअरच्या दाराशी बंदिस्त अशा प्रणालीने वापरणाऱ्याची सुटका होत नाही. म्हणून 'लिनक्स घातले की झाले' म्हणणाऱ्या मित्रांना आम्ही सांगतो की लढाईचे ठाणे सॉफ्टवेअरच्या तबकडीवर नाही, ते खरेदीच्या करारनाम्यावर आहे.

हा प्रश्न आपण विसरलेलो आहोत, नवा नाही

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमच एका प्रिंटरपाशी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकल्याची सूचना देणारी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी पूर्वीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात केली होती. नव्याच्या कार्यक्रमाची मूळ संहिता मात्र त्यांना मिळाली नाही, कारण ती ज्याच्यापाशी होती त्याने ती न देण्याचा करार केलेला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा आला आणि दोहोंची जोड जमली.

आपल्या देशातील समाजवाद्यांना तर हा धडा त्याही आधी मिळालेला होता. परदेशात जुनी झालेली यंत्रे येथे आणून भाड्याने द्यायची, त्यांची देखभाल स्वतःच्याच हातात ठेवायची, असा आयबीएमचा व्यवहार होता. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ नुसार भांडवलातील वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास कंपनीने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, तिने भारतातून गाशा गुंडाळला. तेव्हाही शहाण्या मंडळींनी हाकाटी केली होती की आता देशातले संगणक बंद पडणार. ते बंद पडले नाहीत. केंद्र सरकारने आधीच उभारलेल्या 'कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन' या सार्वजनिक उपक्रमाने आयबीएमच्या यंत्रांची देखभाल हाती घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालती ठेवली. या संस्थेचे नावच पाहा. तिच्या नावात निर्मिती नाही, विक्री नाही, देखभाल आहे. यंत्र कोणीही बनवो, ते चालते ठेवण्याची विद्या समाजाच्या हाती असली पाहिजे, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना कळत होते. २००१ मध्ये हा उपक्रम खासगी मालकीत गेला आणि २०१५ मध्ये तो टाटांच्या कंपनीत विलीन झाला. आज तशी सार्वजनिक यंत्रणा आपल्यापाशी नाही.

मराठी भाषेनेही हे कुलूप सोसलेले आहे. ऐंशीच्या दशकात पडद्यावर देवनागरी उमटवायची तर संगणकात 'जिस्ट' नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेने पुढे नेले, आणि ते तिला भूषणावह आहे. पुढे मराठी टंकलेखनाच्या अनेक प्रणाली 'डाँगल' नावाच्या खिळ्यासह विकल्या गेल्या. तो खिळा संगणकाच्या मागे खोचलेला नसेल तर तुमचाच मजकूर तुम्हाला उघडत नसे. नव्या संगणकांना तशी खाचच राहिली नाही, खिळे हरवले, आणि छोट्या साप्ताहिकांचे व प्रकाशकांचे कित्येक वर्षांचे मजकूर त्या प्रणालींच्या खासगी अक्षरसंकेतांत अडकून पडले. युनिकोडच्या सार्वजनिक संकेतामुळे नव्या मजकुराची सुटका झाली. संकेत सर्वांचा असला की भाषा कोणाच्या खिळ्याला बांधलेली राहत नाही. उपकरणांच्या भाषेबद्दल आमची मागणी याहून वेगळी नाही.

केरळने काय केले, महाराष्ट्राने काय केले

आता कोणी म्हणेल की हे सर्व तत्त्वतः ठीक. व्यवहारात कोठे जमले आहे का? जमले आहे, आणि ते युरोपात नव्हे, केरळात. २००१-०२ च्या सुमारास तेथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अभ्यासक्रम एका कंपनीच्या प्रणालीभोवतीच रचलेला होता. डाव्या विचारांच्या शिक्षक संघटनेने त्याला विरोध केला. वाद झाला, सरकार हलले, आणि काही वर्षांत शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर आले. आज 'काइट' ही त्या राज्याची सरकारी कंपनी स्वतःची लिनक्स-आवृत्ती तयार करते, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण देते. शाळांतील दोन लाखांवर संगणकांना बंदिस्त सॉफ्टवेअरचे परवाने घ्यावे न लागल्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा हिशेब या कंपनीने २०१९ मध्ये मांडला होता. त्या हिशेबातील किमती छापील दराने धरल्या असतील, आकडा थोडा फुगीर असेल, असे मानले तरी मुद्दा बदलत नाही.

पण केरळच्या यशाचे मर्म परवान्यांच्या बचतीत नाही. ते सामुदायिक खरेदीत आहे. हजारो शाळांची यंत्रे एका संस्थेमार्फत घेतली गेली. ती राज्याच्या मुक्त प्रणालीवर चालणारी हवीत, पाच वर्षांची हमी हवी, तक्रार ठरल्या मुदतीत सोडवली नाही तर दंड, अशा अटींवर पुरवठादारांना उभे केले गेले. ज्या ड्रायव्हरसाठी एकटा शिक्षक वर्षभर रडला असता, त्याची काळजी पुरवठादाराला निविदा भरण्याआधीच घ्यावी लागली.

महाराष्ट्राने याच काळात उलटी वाट धरली. २००१ पासून 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. शासकीय नोकरीतील अनेक पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. संगणक साक्षरता खेड्यापाड्यांत नेल्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्यात साक्षरता म्हणजे एका विशिष्ट कंपनीच्या प्रणालीची आणि तिच्याच कार्यालयीन संचाची ओळख, असे समीकरण रूढ झाले. पिढीच्या पिढीला एका कंपनीचे गिऱ्हाईक बनवण्याचे काम गरीब विद्यार्थ्याच्या फीमधून झाले. ज्या कंपनीने यासाठी जाहिरातीवर कोट्यवधी खर्चायला हवे होते, तिला तो खर्च वाचला.

आपल्या दाराशी असलेला वारणेचा अनुभवही तपासून पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये वारणानगरभोवतालची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प मोठा गाजावाजा करून सुरू झाला. गावोगावी केंद्रे उघडली. प्रत्यक्षात त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजन आणि बिल यांपुरता राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधन शाखेने सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणक काढून त्या जागी मोबाईल फोनवरील लघुसंदेशांची व्यवस्था बसवली. ती स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना अधिक आवडली, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्षाशी आमचे भांडण नाही. शेतकऱ्याला सोयीचे ते त्याने घ्यावे. पण यातून दिसते ते हे की गावातला संगणक खरेदीच्या किमतीने मरत नाही, देखभालीने मरतो. सरकार नारळ फोडते आणि निघून जाते. दहा वर्षांनी यंत्र कोण चालवणार, याची तरतूद करारात नसते.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप: बाजारात जे चालते तेच मुलांना शिकवले पाहिजे, नाहीतर नोकऱ्या कशा मिळतील? याचे उत्तर असे की बाजारात जे चालते त्याची आवृत्ती तीन-चार वर्षांनी बदलते; आणि संगणक उद्योगातल्या ज्या नोकऱ्यांना बरा पगार आहे, त्यांतील पुष्कळ लिनक्सच्या ज्ञानावर मिळतात. ज्याला एक प्रणाली मुळापासून कळली, त्याला दुसरी अवघड जात नाही. बटणे पाठ करणाऱ्याला मात्र बटणाची जागा बदलली तरी नवा वर्ग लावावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्त प्रणालीसुद्धा जुन्या यंत्रांना सोडून देतेच ना? होय, देते. लिनक्सच्या गाभ्याने '३८६' या पहिल्या पिढीचा पाठिंबा २०१२ मध्ये काढला; डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. श्रम मर्यादित असतात आणि समाजालाही काय सांभाळायचे ते निवडावे लागते. परंतु येथे संहिता सर्वांपुढे उघडी राहते. ज्यांना गरज आहे त्यांनी एकत्र येऊन तो भाग पुढे चालवायचा ठरवले तर कोणी आडवा येत नाही. बंदिस्त प्रणालीत गरज असलेल्या कोट्यवधींनी एकत्र येऊनही काही उपयोग नसतो, कारण किल्ली त्यांच्यापाशी नसते. एके ठिकाणी निर्णय बदलता येतो, दुसऱ्या ठिकाणी तो सोसावा लागतो. लोकशाही आणि मालकशाही यांच्यातील फरक समाजवाद्यांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला: पक्षाने यात पडावे कशाला? ऊस उत्पादकाला विचारा. काटामारीविरुद्ध या दोन जिल्ह्यांत वर्षानुवर्षे आंदोलने झाली. शेतकऱ्याची मागणी काय आहे? वजनकाटा आम्हाला तपासू द्या. गाडी आमची, ऊस आमचा, पण वजन सांगणारे यंत्र कारखान्याचे आणि त्याच्या पोटात काय आहे ते पाहायचा अधिकार आम्हाला नाही, ही ती तक्रार आहे. आज रेशन, पगार, पीकविमा, सातबारा या सर्वांच्या वाटेवर कोणते ना कोणते इलेक्ट्रॉनिक उपकरण उभे आहे. त्याच्या पोटातील व्यवहार तपासण्याचा आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार मागणे ही काट्याच्या मागणीचीच पुढची पायरी आहे.

गांधीजींनी यंत्रांना सरसकट विरोध केला नाही. शिलाई यंत्राला त्यांनी अपवाद केला होता. लोहियांनी छोट्या यंत्रांचा आग्रह धरला. दोघांच्या मनात कसोटी एकच होती: यंत्र माणसाच्या हाती राहते, की माणूस यंत्राच्या मालकाच्या हाती जातो? किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आणि पुढे ऑइल इंजिन या भागातील शेतकऱ्याने स्वीकारले, त्यामागे हेही एक कारण आहे की फाळ झिजला तर बदलता येत होता आणि इंजिन बंद पडले तर गावचा मिस्त्री ते उघडून बसू शकत होता. उघडता न येणारे इंजिन शेतकऱ्याने विहिरीवर बसवले असते काय?

मग करावे काय?

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. सरकारी कार्यालयांनी निविदा काढताना खुल्या सॉफ्टवेअरचा विचार पुरवठादाराला करायला लावावा, आणि ते वगळल्यास कारण लिहून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे. पण ते सॉफ्टवेअरविषयी बोलते आणि कुलूप हार्डवेअरला आहे. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, सार्वजनिक पैशाने घेतलेला प्रत्येक संगणक, प्रिंटर, स्कॅनर मुक्त प्रणालीवर चालवून दाखवल्याखेरीज त्याचे बिल अदा करू नये. या अटीसाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत, पतसंस्था आपल्या ठरावाने ती घालू शकतात. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. तिने एकटीने ही अट घातली तरी सातारच्या, कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या विक्रेत्यांना शहाणपण येईल. कर्मवीरांनी वसतिगृहात मुठीमुठीने धान्य जमवून रयतेची मुले शिकवली. त्या संस्थेला सामुदायिक शक्तीचा अर्थ दुसऱ्याने सांगायला नको.

दोन, आपल्या भागात मिळणाऱ्या उपकरणांपैकी कोणती चालतात, कोणती चालत नाहीत, याची तपासलेली मराठी यादी हवी. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट काम करतो. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बुद्धिमान मुले आहेत. त्यांना कागदी प्रकल्प देण्याऐवजी प्राध्यापकांनी हे काम द्यावे. उत्साही तरुणांनीही एक पथ्य पाळावे: यादी तपासल्याशिवाय कोणाच्याही कार्यालयात प्रणाली बसवू नये, आणि बसवली तर वर्षभर फोन उचलावा.

तीन, प्रत्येक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणक-देखभालीचा सार्वजनिक कट्टा असावा. खासगी मालकीत गेलेल्या त्या जुन्या उपक्रमाचे काम तालुक्याच्या पातळीवर पुन्हा उभे राहिले पाहिजे.

चार, कायद्याची मागणी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस संकेतस्थळ उघडले; वस्तूंची दुरुस्तीक्षमता मोजणाऱ्या निर्देशांकाविषयीच्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून लागू आहे. आपण त्यात एक कलम घालण्याचा आग्रह धरला पाहिजे: उत्पादकाने ज्या दिवशी एखाद्या उपकरणाचा पाठिंबा थांबवला, त्या दिवशी त्याची तांत्रिक माहिती आणि ड्रायव्हरची संहिता सार्वजनिक झाली पाहिजे. ज्याला मूल सांभाळायचे नाही त्याने ते दुसऱ्याला सांभाळू द्यावे. गळा दाबून जाण्याचा अधिकार त्याला नाही.

पाच, सुरुवात आपल्या घरापासून. पक्षाच्या जिल्हा कार्यालयांतील आणि आपल्या संघटनांतील संगणक येत्या वर्षात मुक्त प्रणालीवर यावेत. जे उपकरण चालत नाही, त्याच्या उत्पादकाला संघटनेच्या शीर्षपत्रावर पत्र जावे आणि त्याचे उत्तर, किंवा त्याचे मौन, या साप्ताहिकात छापून यावे.

येत्या मार्चअखेर निधी संपवण्याची घाई सुरू होईल. कोटेशने येतील, जुने संगणक निर्लेखित करण्याचे ठराव वाचले जातील आणि पाच मिनिटांत मंजूरही होतील. त्या बैठकीत आपला कार्यकर्ता उभा राहून इतकेच विचारो: यात बिघडले काय आहे, आणि नवे घेणार त्याची किल्ली कोणाकडे राहणार आहे? या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात नोंदवल्याखेरीज त्याने खाली बसू नये.